चौदा सह्यांचं झाड

विनता मॅडमच्या जबलपूरच्या ऑफिसात चौथं झाड आलं, तेव्हा आधीच्या तिघांच्या कुंड्या जिन्याखाली उपड्या पडल्या होत्या. पहिला गुलाब. तो उन्हावाचून गेला, कारण हॉलला खिडकी एकच आणि तिच्यापुढं फायलींचं कपाट. दुसरा अरेका पाम चहानं मेला. ज्याच्या कपात घोटभर उरे तो पामच्या बुडाशी ओतून मोकळा होई, आणि वर "खत आहे ते" म्हणे. तिसरं फर्न होतं. ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर गीताबाईंनी झाडू मारता मारता त्याला हात लावला, तर त्याचा भुगा झाला.

म्हणून चौथं झाड निवडायला मॅडम स्वतः नर्सरीत गेल्या. "अंधारात जगेल, एसीत जगेल आणि माझ्या स्टाफच्या हाताखाली जगेल असं द्या," त्या म्हणाल्या. नर्सरीवाल्यानं झेडझेड प्लांट काढून दिलं. जाड देठ, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं, चार पाहुण्यांत मिरवावं असं रूप. पाणी किती घालायचं हे तो सांगायला लागला नेमका तेव्हाच मॅडमना नागपूरच्या मुख्यालयातून फोन आला, आणि ते सांगणं तिथंच राहिलं. फरशी खराब होऊ नये म्हणून मॅडमनी पांढरीशुभ्र चिनी मातीची कुंडी घेतली, बुडाला भोक नसलेली. पुढं जे झालं त्यातला निम्मा दोष या कुंडीचा आहे, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

झाड हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली बसवलं आणि मॅडमनी सुमेध मेश्रामला केबिनमध्ये बोलावलं.

"सुमेध, मी महिनाभर ट्रेनिंगला हैदराबादला चाललेय. झाड तुमच्या ताब्यात."

"हो मॅडम."

"आणि तुमचा नागपूरच्या बदलीचा अर्ज माझ्यापाशी आहे. आल्यावर शिफारस लिहिते."

मॅडम या दोन गोष्टी वेगवेगळ्या बोलल्या होत्या. सुमेधनं त्या एकत्र ऐकल्या. झाड जगलं तर नागपूर, मेलं तर जबलपूर, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच.

त्याचं तरी काय चुकलं? त्याची बायको प्रियंका नागपूरला बँकेत. तो इथं जबलपूरच्या रांझी भागात, आई-वडिलांजवळ. वडील फॅक्टरीतून रिटायर झालेले, तब्येतीनं ठणठणीत, आणि "जा बापा एकदाचा, आमची काळजी सोड" म्हणून रोज पाठीस लागलेले. चार वर्षं सुमेध शुक्रवारी संध्याकाळी नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडत होता आणि रविवारी रात्री परत ओलांडत होता. त्याची मुलगी दीक्षा येत्या जूनमध्ये पहिलीत जायची होती. तिनं शाळेत घराचं चित्र काढलं, त्यात आई होती, नागपूरच्या आजीचं मांजर होतं आणि लांब कोपऱ्यात एक बस होती. बाईंनी विचारलं, "पप्पा कुठं आहेत?" तर म्हणाली, "बसमध्ये." प्रियंकानं हे फोनवर हसत हसत सांगितलं. सुमेधला त्या रात्री जेवण गेलं नाही.

केबिनमधून बाहेर येऊन त्यानं हेडक्लार्क श्रीकांत देव यांना सगळं सांगितलं. श्रीकांत देवांच्या रिटायरमेंटला पाच महिने राहिले होते. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत जबलपूरला आलं होतं, आणि येताना घोडे कमी अन् दफ्तर जास्त घेऊन आलं असावं. कागदावर नाही ते जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

"अच्छा, म्हणजे तोंडी आदेश?" श्रीकांत म्हणाले. "तोंडी आदेशानंच आधीची तीन गेली, सुमेध. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. टिपणी ठेवा. रजिस्टर घाला."

"पाण्याचं रजिस्टर?"

"सात सेक्शन आहेत आपले. प्रत्येक सेक्शननं रोज एक मग पाणी घालावं आणि सही करावी. कोण चुकतो बघू."

सुमेधला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडली. त्यानं तासाभरात टिपणी टाइप केली. मॅडम सुटकेस दारात ठेवून उभ्यानं फायली उरकत होत्या. तिसाव्या-एकतिसाव्या फायलीनंतर ही आली, त्यांनी 'मान्य' लिहून सही ठोकली आणि त्या स्टेशनला गेल्या.

रजिस्टरनं चमत्कार केला. ज्या ऑफिसात साहेबांच्या पत्राला तीन स्मरणपत्रं लागत, तिथं झाडाला पहिल्या दिवसापासून सात मग पाणी मिळू लागलं. कुणी नागा करेना. लेखा सेक्शनची यशश्री एक दिवस रजेवर होती, तर दुसऱ्या दिवशी येऊन तिनं दोन मग घातले. "कल का बैकलॉग," ती म्हणाली आणि दोन सह्या केल्या. सुमेध रोज संध्याकाळी रजिस्टर तपासायचा आणि सातही सह्या बघून समाधानानं मोटरसायकल काढायचा. झाडाकडे मात्र त्यानं आठवडाभर बघितलं नाही.

नवव्या दिवशी दोन देठ पिवळे पडले.

"ऊन काय पडून राहिलं!" सुमेध घाबरून म्हणाला. "एप्रिलात ही गत, मे मध्ये काय होईल? पाणी पुरत नाही त्याला."

"मग दोन पाळ्या करा," श्रीकांत म्हणाले. "सकाळी सात, दुपारी सात."

चौदा सह्या सुरू झाल्या. आठवड्याभरात हॉलमध्ये वास यायला लागला. आधी संशय गीताबाईंच्या पोछ्यावर गेला. त्यांनी तिथल्या तिथं पोछा सगळ्यांच्या नाकाशी धरून दाखवला. मग एकेकाचे डबे झाले, मोजे झाले, शेवटी आवक-जावकच्या कपाटामागं उंदीर मेलाय असं ठरून ते अख्खं कपाट सरकवलं. उंदीर निघाला नाही, २०११ सालचं एक तातडीचं पत्र तेवढं निघालं. त्यानंतर बारीक काळ्या माश्या आल्या, आणि त्या थेट कुंडीतून निघत होत्या.

गीताबाईंनी कुंडी जरा कलती केली. आतून गटारासारखा आवाज आला.

"साहेब, झाड बुडून राहिलं नं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक त्याले पाणी पाजून राहिले का आंघोळ घालून राहिले?"

"पण रजिस्टर तर बरोबर आहे!" सुमेध म्हणाला.

"झाडाले वाचता येते काय?"

गीताबाई रांझीतच राहायच्या. पाच वाजता त्या झाड मांडीवर घेऊन सुमेधच्या मागं मोटरसायकलवर बसल्या. रस्ताभर त्याच्या पाठीवर काळं पाणी ठिबकत होतं आणि माश्या सोबत होत्या. सिग्नलला एकानं काच खाली करून विचारलं, "भैया, ये क्या ले जा रहे हो?" सुमेधनं मान वळवली नाही.

रांझीच्या नर्सरीवाल्यानं झाड उपसलं. मातीखाली बटाट्यासारखे कंद होते, त्यातले निम्मे लगदा झालेले. "पानी इसके पेट में भरा रहता है साहब," तो कंद दाखवत म्हणाला. "महीने में एक बार दे दो, बहुत है. आपने तो डुबो के मार दिया." सडकं तेवढं त्यानं कापलं, उरलेलं कोरड्या मातीत लावलं, भोकाच्या साध्या कुंडीत बसवून मग ती पांढऱ्या कुंडीत ठेवून दिली आणि बजावलं की महिनाभर थेंबसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नवाच पेच उभा राहिला. पाणी थांबवायचं कसं?

"आदेश मॅडमच्या सहीचा आहे," श्रीकांत म्हणाले. "रद्द करायला मॅडमचीच सही लागेल. फोनवर आदेश रद्द होत नाही."

फोन करायची सुमेधची छाती नव्हतीच. झाड मरायला टेकलंय, हे मॅडमना कोणत्या तोंडानं सांगणार? आणि सांगितलं तर शिफारस गेलीच.

"मग सह्या करू, पाणी नको घालू," यशश्री म्हणाली.

"खोटी सही?" श्रीकांत एवढ्यानं ओरडले की आवक-जावकवाल्यांनी माना वर केल्या. "छत्तीस वर्षांत मी खोटी सही केली नाही!"

बराच खल झाला. अखेर जो तोडगा निघाला तो या ऑफिसलाच सुचू शकतो. मग हातात घ्यायचा, झाडाजवळ जायचं, तो रीतसर कुंडीवर उपडा करायचा आणि येऊन सही करायची. फक्त मगात पाणी नसायचं. हात हलला, वेळ दिला, मग उपडा झाला. निदान काहीच न करता सही केली असं तर कुणी म्हणू शकणार नव्हतं. श्रीकांत पहिल्या दिवशी जरा अवघडले, पण तिसऱ्या दिवसापासून रिकामा मग शेवटच्या थेंबापर्यंत झटकायला लागले.

झाड जगलं. मॅडम मे महिन्यात परत आल्या तेव्हा त्याला नवा पोपटी कोंब फुटला होता. मॅडम त्याच्यासमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या. "सुमेध, मला वाटलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी अर्जावर अशी शिफारस लिहिली की सुमेधनं तिचा फोटो काढून प्रियंकाला पाठवला. रजिस्टरबद्दल बोलायला हा काही बरा दिवस नव्हता. पुढचेही नव्हते. त्यामुळं रिकामे मग रोज चौदा वेळा उपडे होत राहिले, आणि मॅडम आपल्या केबिनमध्ये निर्धास्त होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूरची ऑर्डर आली. शुक्रवारी संध्याकाळी कार्यमुक्त व्हायचं, सोमवारी तिकडं हजर. दीक्षाची शाळाही त्याच महिन्याच्या शेवटी उघडायची होती. सुमेधनं पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, मुख्यालयाचं ऑडिट आलं.

ऑडिटचे चंद्रशेखर साहेब बारीक अंगाचे, बारीक अक्षराचे. लोक त्यांना टरकून असत. कारण त्यांनी कुणाबद्दल आक्षेपाचा पॅरा लिहिला की तो निकालात निघेपर्यंत त्या माणसाला ऑफिसातून कार्यमुक्त करता येत नसे. असे पॅरे तीन-तीन वर्षं लोंबकळत. पण हॉलमध्ये पाऊल टाकताच साहेबांचा चेहरा उजळला.

"वा! झेडझेड! आणि नवा कोंब?" ते झाडापुढं वाकले. "माझ्या बाल्कनीत बेचाळीस कुंड्या आहेत. पण सरकारी ऑफिसात असं राखलेलं झाड मी पहिल्यांदा बघून राहिलो. कोणी राखलं?"

सुमेध पुढं झाला. त्याचा चेहरा फुलला होता. एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण श्रीकांतना राहवलं नाही.

"नुसतं राखलं नाही, साहेब. नोंद आहे!" आणि त्यांनी रजिस्टर पुढं केलं.

चंद्रशेखर साहेबांनी एक पान उलटलं, दोन उलटली. चेहरा हळूहळू ऑडिटचा झाला.

"रोज चौदा मग?"

"एक दिवस नागा नाही, साहेब."

"याला महिन्यातून एकदा पाणी लागतं. चौदा मगांत हे आठवड्यात सडतं." त्यांनी मातीत बोट खुपसलं, काढलं, सगळ्यांना दाखवलं. बोट कोरडं ठाक. "आज सकाळच्या सात सह्या आहेत. म्हणजे एक तर झाड खोटं नाहीतर रजिस्टर खोटं. झाडाला तर मी हात लावून पाहिला."

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं.

"शुक्रवारी चार वाजता माझी मॅडमबरोबर शेवटची बैठक आहे. तोवर खुलासा द्या. नाही तर खोट्या नोंदींचा पॅरा, रजिस्टर सांभाळणाऱ्याच्या नावावर." त्यांनी पहिलं पान पाहिलं. "सुमेध मेश्राम कोण?"

त्या संध्याकाळी सातही सेक्शन सुमेधच्या टेबलाभोवती जमले. खरं सांगावं तर सातही जणांना मेमो. "माझी पेन्शन अडकेल रे," श्रीकांत सारखं म्हणत होते.

"सर, सिंपल है," यशश्री म्हणाली. "उद्या आणि परवा खरंच चौदा-चौदा मग घाला. झाड खराब होईल, साहेब बघतील, रजिस्टर खरं ठरेल. त्यांचं कोरडं बोट कागदावर कुठं आहे? बात खतम."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांनी सुमेधकडं पाहिलं आणि एकेक जण डबा उचलून घरी गेला.

सुमेधनं मग भरला. झाडाजवळ जाऊन उभा राहिला. कोंबाची पानं अजून पुरती उलगडली नव्हती. यालाच आपण एकदा बुडवलं, पाठीवर त्याचं घाण पाणी घेत रांझीपर्यंत नेलं, महिनाभर रोज सकाळी आधी याचं तोंड पाहिलं. आता मुद्दाम मारायचं? फोन वाजला. दीक्षा होती. "पप्पा, शुक्रवारी सगळं सामान घेऊन येणार नं? मग परत नाही नं जायचं?"

"बघतो बाळा," तो म्हणाला, आणि त्याला रडूच आलं. मगातलं पाणी त्यानं स्वतःच पिऊन टाकलं.

गुरुवारही असाच गेला. शुक्रवारी साडेतीनला तो रजिस्टर घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. सात मग, चौदा मग, माश्या, नर्सरी, रिकामा मग. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी टिपणीचं पान काढलं, आणि खाली आपलीच सही पाहिली.

"हे मी वाचलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, मॅडम."

"खरा खुलासा दिला तर?"

"सगळ्यांना मेमो. पॅरा तर होईलच. माझं नागपूर राहिलं." सुमेधनं मान खाली घातली. "पण मॅडम, झाडाला हात लावायचं माझ्याच्यानं होत नाही."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी होते. त्यांनी गीताबाईंना हाक मारली, भरलेली बादली आणि मग मागवला, आणि झाड आपल्या टेबलावर आणवलं. मग गीताबाईंच्या कानाशी काहीतरी बोलल्या. गीताबाई बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

काही वेळानं गीताबाई बाहेर खोकल्या. मॅडमनी मग भरला आणि झाडावर ओतला.

"मॅडम!" सुमेध ओरडला.

दुसरा मग ओतला. कोंब वाकला. सुमेधनं तोंड फिरवलं, आणि दारात चंद्रशेखर साहेब उभे दिसले.

"अहो, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"आदेशाप्रमाणे पाणी घालतेय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अजून बारा मग आहेत."

"मरेल ते!"

"मरेलच. मेलं की रजिस्टर खरं ठरेल, मग तुमचा पॅरा कशाला राहतो? सही माझी आहे, तेव्हा पाणीही मीच घालते." त्यांनी तिसरा मग भरला.

चंद्रशेखर साहेबांनी फाइल जमिनीवर टाकून मॅडमच्या हातातला मग हिसकावला. "काही माया आहे का नाही तुम्हाला? एवढासा कोंब!" त्यांनी आतली कुंडी उचलून बादलीवर धरली, पाणी निथळू दिलं. "उभे काय राहिले? वर्तमानपत्र आणा!" ते सुमेधवर खेकसले. सुमेध धावला. साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कागदाचे बोळे मातीत दाबून दाबून ओल टिपली. पानं रुमालानं पुसली.

"आणि पॅरा?" मॅडमनी विचारलं. हिसकावलेला मग पुन्हा त्यांच्या हातात आला होता आणि तो भरलेला होता.

"चुलीत गेला पॅरा!" चंद्रशेखर साहेब म्हणाले. त्यांनी तिथंच पेन काढलं, रजिस्टरच्या शेवटच्या पानावर दोन तिरप्या रेघा मारल्या आणि लिहिलं: 'हे रजिस्टर आजपासून बंद. संबंधितांस तोंडी समज दिली. आक्षेप नाही.' सही केली, तारीख टाकली. "महिनाभर कोणी याच्या जवळ फिरकू नका. कोणीच नाही. समजलं?"

ते गेल्यावर मॅडमनी कार्यमुक्तीच्या पत्रावर सही केली. या वेळी त्यांनी पत्र दोनदा वाचलं. बाहेर श्रीकांतनी खुर्चीत बसून पाणी मागवलं. साडेसहाची नागपूरची बस होती, आणि सुमेधची बॅग सकाळपासून टेबलाखाली तयार होती.

दारापर्यंत गेलेला सुमेध परत वळला.

"मॅडम, गीताबाईंना बाहेर काहून उभं केलं होतं?"

"साहेब जिन्यावर दिसले की खोकायला सांगितलं होतं. उगीच आधीपासून कशाला ओतायचं?"

"आणि त्यांनी थांबवलं नसतं तर?"

मॅडमनी झाडाकडं पाहिलं. त्यांचे हात अजून ओले होते.

"तर चौदाच्या चौदा घातले असते," त्या म्हणाल्या. "जा आता. बस चुकेल तुमची."